एरंडेलचा चहा

पलंग एक, चुरगळलेला. उशा दोन. खुर्च्या दोन, पायांशी जमिनीला जखडलेल्या. खुंटीवर पांढरे झगे दोन, घडी न मोडलेले. फळीवर विजेची किटली एक, तिच्याखाली काही नाही. उशाशी मेज, मेजावर ट्रे, ट्रेत रुमाल, रुमालावर कपबशी, कपात चहाचा तळ. झोपेच्या गोळ्यांची बाटली एक, अर्धी. मखमली पेटी एक, उघडी. पेटीत मोत्यांचे सर: शून्य.

एवढं मोजून झाल्यावर मोजपट्टीने खिशातून थर्मामीटर काढला आणि किटलीत बुडवला.

"चोरी मोत्यांची झाली आहे, पाण्याची नाही," मामा दारातून म्हणाले. ते दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते. बंदर सोडल्यापासून त्यांना बोट लागली होती. सगळी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, महासागरांची खोली तोंडपाठ, पण समुद्रावर पाय ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

"एकेचाळीस अंश," मोजपट्टी म्हणाली. "खोलीतली हवा चोवीस. आज दुपारी कुणीतरी पाणी उकळलं."

मग तिने ट्रेतला रुमाल बोटाने दाबला, बोट हुंगलं, रुमाल उजेडात धरून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला.

मोजपट्टी हे नाव मामांनीच ठेवलेलं. लहानपणी भावंडांत कलिंगडाच्या फोडी वाटताना ही पोर पट्टी घेऊन बसायची. पुढे रसायनशास्त्र शिकली आणि खासगी तपासाचा धंदा काढला, पण पट्टी काही सुटली नाही. या बोटीवरही ती मोजायलाच आली होती. उतारूंच्या तक्रारी वाढल्या, म्हणून कंपनीने तिला साध्या उतारूच्या वेषात पाठवलं होतं: चहा किती गरम येतो, सांडतो का, आणणारा हसतो का, हे बघायला. एकट्या बाईवर संशय नको, म्हणून जोडीला मामा. हे गुपित बोटीच्या व्यवस्थापकाला तेवढं ठाऊक होतं. म्हणून तर संध्याकाळी तो घाम पुसत त्यांच्या दारात आला होता.

"सेवा मोजणं राहू द्या आता," तो म्हणाला होता. "माझी अब्रू वाचवा. उद्या सकाळी बोट बंदराला लागते. त्याच्या आत मला चोर तरी दाखवा, नाहीतर ज्याच्यावर आळ आहे त्याला पोलिसांच्या हवाली करू द्या."

आळ होता एरंडेलवर.

त्याचं खरं नाव बिल्ल्यावर होतं, पण ते कुणी वाचत नसे. या मजल्यावरच्या खोल्यांचा तो स्टुअर्ड. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा, म्हणून उतारूंनी बारसं केलेलं. आत येणार, एकच शब्द बोलणार, "चहा", आणि ट्रे ठेवून जाणार. त्या एका शब्दापलीकडे मामांनी त्याच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं. ट्रे मात्र कितीही हेलकावा बसला तरी हलत नसे. मामांनी एकदा कुतूहलाने कप उचलला, तर बशीला चिकटून खालची रबराची जाळीही वर आली. उतारू देतात त्या वागणुकीच्या गुणांत मात्र सगळ्या बोटीत तो शेवटचा.

आता तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता आणि खुर्चीतून मोत्यांच्या मालकीणबाई त्याच्याकडे बोट दाखवत होत्या. बाई विधवा, वयस्क, आवाज मात्र खणखणीत.

"मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बोट इतकी हलत होती की डोळे उघडवत नव्हते. चारचा चहा घेऊन हा आला. मान जराशी वळवली तेवढी पांढरी बाही दिसली. ट्रे ठेवला आणि गेला, तोंडातून शब्द नाही. माणूस आहे की खांब? मी उठून चहा घेतला आणि जी झोपले ती दिवे लागल्यावर जागी झाले. पेटी उघडी. आणि चहा तरी कसा आणलेला, खालचा रुमाल सगळा भिजलेला. याला सेवा म्हणायचं?"

"मी चहा दिलाच नाही," एरंडेल म्हणाला. त्याचा आवाज एवढा मऊ होता की मामा दचकले. "आणला होता. दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी लटकत होती. भरला ट्रे परत नेला."

"पाटी मी लावली नव्हती," बाई म्हणाल्या. "बघा, खोटं कसं बोलतो."

"भरला ट्रे परत आला, हे मुदपाकखान्यात दोघांनी पाहिलंय," व्यवस्थापक हळूच म्हणाला. "पण तो आत जाऊन, चहा देऊन, दुसरा भरूनही आणू शकतो ना."

मोजपट्टीने एरंडेलला विचारलं, "उद्या तुम्हाला उतरवलं तर?"

"एकदा चोर म्हणून उतरवला की पुन्हा कुठली बोट चढू देत नाही. आणि मला दुसरं काही येत नाही." मग तो पहारेकऱ्याबरोबर निघून गेला. जाताना पलंगावरची वाकडी उशी त्याने सरळ केली.

बाईंची सोबतीण बाहेर रडत उभी होती. पोटाला चिमटा काढून जगलेली चाळिशीची बाई, मालकिणीचं औषधपाणी बघायला ठेवलेली.

"मी केस धुऊन घ्यायला खालच्या मजल्यावर गेले होते," ती म्हणाली. "गोळ्यांची बाटली माझ्याच हातची. आता सगळे म्हणतील चहात मीच घातल्या. पण मला चोरी कशाला करायची हो? परवाच जेवताना बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, माझ्यामागे हे मोती हिचे."

"कोण कोण होतं जेवायला?"

"बाई, मी, बाईंचे पुतणे. वाढायला तो खडीसाखर."

"किटली कोण वापरतं?"

"कुणीच नाही. बाईंना आयतं हातात यावं लागतं. किटली तिच्या ट्रेमध्ये नुसती शोभेला."

"ट्रेमध्ये?"

"हो. सगळ्या खोल्यांत तशीच असते की."

खडीसाखर म्हणजे भोजनगृहाचा मुख्य वाढपी. एरंडेलचा चेहरा जेवढा आंबट, तेवढा याचा गोड. बोलणंही तसंच. सगळ्यांत जास्त गुण त्याचेच. मामांनी त्याला पहिल्या दिवशीच मानलं होतं. तो चारच्या सुमाराला याच मजल्यावर दिसला होता, त्याचं काम मात्र तीन मजले खाली.

"ताई, मी आपला सहज," तो हसत म्हणाला. "पाहुण्यांची विचारपूस."

"बोट लागून सगळे आडवे झालेत, तेव्हा?"

हसू थोडं विरघळलं. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. उद्या गुण मोजतात. दारोदार जाऊन सांगत होतो, मला चांगले द्या म्हणून. नियमात बसत नाही. बोलू नका कुठे."

"म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवत होतास," मामा म्हणाले.

"पाटी पाहिलीस का बाईंच्या दारावर?" मोजपट्टीने विचारलं.

"होती की. म्हणून तिथे टकटक केली नाही."

मामांनी भाचीकडे पाहिलं. हा खरं बोलत असेल तर एरंडेलही खरं बोलत होता. पण दोघेही एकाच ताटातले. मामांनी कानात सांगितलं, "दोघांचं संगनमत दिसतंय. हा गोड बोलतो, तो मोती उचलतो."

"शक्य आहे," मोजपट्टी म्हणाली. ही तिची जुनी खोड. 'शक्य आहे' म्हटलं की मामांचा तर्क चुकला असं समजायचं.

पुतण्या त्यांना बोळातच भेटला. पस्तिशीचा, नीटनेटका, पांढरा झगा अंगात, एक हात पोटावर दाबलेला. त्याची खोली काकूंच्या खोलीला लागूनच, मधलं दार सदा उघडं. मामा भिंतीला धरून येत होते. पुतण्याने चटकन पाठ भिंतीला लावली, त्यांना वाट दिली आणि म्हणाला, "सावकाश, पुढे उंबरा उंच आहे."

"बरं वाटतंय का आता?" मामांनी आस्थेने विचारलं. समदुःखी माणूस भेटला होता.

"कसलं बरं. आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर आलो आणि ही गत. दुपारभर उशीतून डोकं उचललं नाही. डॉक्टरने पोटाला उबदार पट्टा बांधायला सांगितलाय. काकूंचा जीव जायचा तो वाचला, नाहीतर माझ्याच शेजारी..." त्याने पोट पुन्हा दाबलं.

"काही आवाज ऐकलात?" मोजपट्टीने विचारलं.

"शुद्धीत कुठे होतो? पण त्या स्टुअर्डचं तोंड पाहिलंत ना. मनातलं तोंडावर दिसतं माणसाच्या."

"तुमचा व्यवसाय?"

"कापडाचा व्यापार. बरीच वर्षं बाहेरच होतो. काका गेले तसा परतलो. काकूंना दुसरं कोण आहे?"

तो वळला आणि बोलता बोलता उंबरा ओलांडून पुढे निघून गेला. मामा मात्र त्याच उंबऱ्याला ठेचकाळले.

"सभ्य मुलगा," मामा अंगठा चोळत म्हणाले. "अशी वाट देणारी माणसं राहिली नाहीत."

"या बोटीवर पुष्कळ आहेत," मोजपट्टी म्हणाली.

मामा-भाचीच्या खोलीत चहा आला तो एका हसऱ्या पोरसवद्या वाढप्याच्या हातून. एरंडेलची जागा त्याने घेतली होती. त्याने हवापाण्याची चौकशी केली, मामांच्या तब्येतीला शुभेच्छा दिल्या. मोजपट्टीने तोवर थर्मामीटर बुडवला. अठ्ठावन्न अंश. बशीतला चहा तिने ओतून मोजला: तीन चमचे.

"हसला मात्र छान," मामा म्हणाले.

सकाळी बोट बंदराबाहेर नांगर टाकून थांबली. समुद्र अजून खवळलेलाच. पोलिसांची होडी निघाल्याचा निरोप आला, तेव्हा मोजपट्टीने व्यवस्थापकाला दोन गोष्टी मागितल्या: चहाचं छोटं दालन आणि एरंडेल.

दालनात पाच लहान गोल मेजं होती, लाकूड घासूनपुसून आरशासारखं केलेलं, प्रत्येकाच्या मध्यावर जडवलेलं एक पितळी फूल. मालकीणबाई, सोबतीण, पुतण्या, खडीसाखर आणि मामा, प्रत्येकाला एकेक मेज मिळालं. व्यवस्थापक आणि पहारेकरी दारात.

"ट्रे नको, मेजावरच ठेवा. रुमालाची घडी फुलावर, त्यावर कपबशी, शेजारी जड बुडाचा पाण्याचा पेला," मोजपट्टीने एरंडेलला सांगितलं. "आणि रबराची जाळी कुठेही नको."

एरंडेलने तिच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याला पाटलोण न घालता वाढायला सांगितलं होतं. पण त्याने तसं केलं. प्रत्येक वेळी तोच एक शब्द. "चहा." "चहा." पाच वेळा.

"आता मी एक प्रश्न विचारते," मोजपट्टी सोबतिणीच्या मेजासमोर जाऊन उभी राहिली. "गोळ्या तुमच्या ताब्यात, पेटी कुठे असते ते तुम्हाला माहीत, आणि मोती तुम्हाला मिळणार हे नुसतं तोंडचं बोलणं. बाई उद्या शब्द फिरवतील या भीतीने..."

"मी नाही," सोबतीण कशीबशी म्हणाली.

सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळले. पुतण्या तर खुर्चीतून पुढे झुकला होता. तेवढ्यात बोट डावीकडे कलली, थांबली, आणि सावकाश उजवीकडे कलली.

कप निघाले. मालकीणबाईंचा कप मेजाच्या कडेला जाऊन त्यांच्या हातात पडला. सोबतिणीने आपला दोन्ही हातांनी अडवला. मामांनी चुकून रुमालच पकडला आणि चहा बाहीवर घेतला. खडीसाखरेच्या कपाने मेज ओलांडलं. फरशीवर पडून तो फुटला.

"कुणी हलू नका," मोजपट्टी म्हणाली आणि टेप काढून फुलापासून मोजत निघाली. "बाईंचा, तेवीस सेंटिमीटर. सोबतीणबाईंचा, एकोणीस. मामा, तुमचा सतरा आणि एक बाही. खडीसाखर, मेजाबाहेर." ती शेवटच्या मेजापाशी थांबली. "तुमचा, शून्य."

पुतण्याने खाली पाहिलं. त्याचा पेला अर्धा रिकामा होता. रुमाल ओलाचिंब होऊन लाकडाला चिकटला होता, आणि कप त्यावर खिळ्याने ठोकल्यासारखा उभा. त्याच्या उजव्या हाताची बोटं अजून ओली होती.

"हे कधी केलंत?" मोजपट्टीने विचारलं. "मी यांच्यावर आरोप करत होते तेव्हा. तुमचे डोळे इकडे होते, हात आपलं काम करत होता. हाताला शिकवलेलं डोकं विसरतं, हात विसरत नाही."

"पाणी सांडलं असेल," पुतण्या म्हणाला.

"काल बाईंच्या ट्रेतही असंच सांडलं होतं. सगळ्यांना वाटलं चहा सांडला. पण त्या रुमालावर डाग नव्हता, वास नव्हता. ते नुसतं पाणी होतं, मुद्दाम ओतलेलं. समुद्र खवळला की कपाखालचं कापड ओलं करायचं, म्हणजे कप सरकत नाही. बोटींवरची जुनी रीत. मामा, आपल्या चहाखाली काय असायचं?"

"रबराची जाळी," मामा म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू उजाडू लागलं.

"या बोटीवर प्रत्येक भरलेल्या ट्रेत जाळी असते. एरंडेलने चहा आणला असता तर जाळी असती, पाणी लागलंच नसतं. खोलीत जाळी नव्हती. फळीवर किटलीखालचा ट्रे नव्हता. किटलीतलं पाणी गरम होतं. म्हणजे चहा मुदपाकखान्यातून आलाच नाही, तो खोलीतच झाला, तिथल्याच ट्रेत ठेवला गेला. साध्या उतारूने रुमाल कोरडा ठेवला असता आणि कप फोडला असता. हे काम जाळ्या यायच्या आधी जुन्या बोटींवर चहा वाढलेल्या माणसाचं."

"खडीसाखरही वाढपीच आहे," पुतण्या म्हणाला.

"त्याचा कप बघा," मोजपट्टी म्हणाली. खडीसाखर फरशीवरचे तुकडे बघत ओशाळला. "त्याने जाळीशिवाय कधी वाढलेलंच नाही."

दारातला व्यवस्थापक पुढे आला. "पण बाईंनी तर स्टुअर्डला पाहिलं."

"बाही पाहिली. पांढरी बाही झग्याचीही असते. बाईंच्या खोलीतले झगे घडीत होते, यांचा अंगात होता. आणि बाई, तो काही बोलला नाही, हे तुम्हीच सांगितलंत. आत्ता ऐकलंत ना, एरंडेल दर वेळी एक शब्द बोलतो. कालचा माणूस तोही बोलला नाही, कारण तो आवाज तुम्ही ओळखला असता. पाटी बाहेर लावून एरंडेलला त्याने आधीच परत पाठवलं होतं. आत यायला मधलं दार होतंच."

"त्याला बोट लागली होती," मालकीणबाई म्हणाल्या. आवाजातली खणखण गेली होती.

"बोट लागलेला माणूस मामांसारखा चालतो. यांनी बोलत बोलत उंच उंबरा ओलांडला, खाली न पाहता. आणि मामांना वाट देताना पाठ भिंतीला लावली. पहिल्यांदा बोटीवर आलेला उतारू बाजूला होतो. भिंतीला पाठ लावून उभं राहणं नोकरांना शिकवलेलं असतं. मामा, तुम्ही त्याला सभ्यपणा म्हणालात. ते बरोबरच होतं. फक्त कुठे शिकलेला, तेवढं बघायचं राहिलं."

मालकीणबाई पुतण्याकडे वळल्या. "तू बोटीवर ताटं उचलायचास? आपल्या घराण्यातला?"

पुतण्याने ओली बोटं झग्याला पुसली. "नऊ वर्षं, काकू. कापडाचा व्यापार म्हणजे मेजावरचं कापड. तुमच्या घरात वाढणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत, म्हणून सांगितलं नाही. परतलो तर तुम्ही मोती दिलेत कुणाला, औषध देणारीला."

"तिने औषध दिलं," बाई म्हणाल्या. "तूही दिलंस. तुझं मला झोपवायला होतं."

"मोती यांच्या खोलीत मिळायचे नाहीत," मोजपट्टी व्यवस्थापकाला म्हणाली. "खोली रोज झाडली जाते आणि झाडणाऱ्याला सगळं दिसतं, हे यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक. अंगावरच असणार. पोटावरचा हात कालपासून सुटलेला नाही."

पुतण्याने झग्याच्या आत हात घातला, उबदार पट्टा सोडला आणि मोत्यांचा सर मेजावर ठेवला. बोट पुन्हा कलली. सर घरंगळत निघाला, तेव्हा एरंडेलने पुढे होऊन तो पालथ्या बशीने अडवला.

पोलिसांची होडी एका माणसाला घेऊन गेली. तो एरंडेल नव्हता.

मालकीणबाईंनी सर उचलून मुठीत धरला. मग त्यांनी एरंडेलला जवळ बोलावलं. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला जेवढं जमतं तेवढंच त्यांना जमलं. "तू जरा हसत का नाहीस रे? तुझ्यावर संशय आला नसता."

एरंडेलने प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. "हसायला गेलं की ट्रे हलतो, बाई."

दुपारी बोटीने नांगर उचलला. उघड्या समुद्रात येताच पुन्हा हेलकावे सुरू झाले. मामा पलंगाचा गज धरून पडले होते, मोजपट्टी कंपनीला द्यायची टिपणं काढत बसली होती. दारावर दोन हलक्या टकटक झाल्या.

"चहा."

तो ट्रे ठेवून उभा राहिला नाही. दार आवाज न करता लागलं. मोजपट्टीने थर्मामीटर बुडवला, मग कप उचलून बशी तिरकी करून पाहिली.

"सांग," मामा म्हणाले.

"तापमान, एकाहत्तर अंश. हसू, शून्य. बशीत सांडलेला चहा, शून्य."